आई, शेव आणि मोरेव्हियन पंगत

उज्जैनच्या फ्रीगंजात कोपऱ्याकोपऱ्यावर फोनच्या काचेच्या खोल्या उभ्या राहिल्या, त्या काळातली ही गोष्ट. अशाच एका खोलीतून आई अमेरिकेतल्या माझ्या धाकट्या भावावर, नितीनवर, ओरडली, "हॅना असो की हेमा, आधी मुलीकडची पंगत बघीन. मग हो की नाही ते सांगीन!" बाहेरच्या रांगेला पूरी बात कळली.

झालं! आई आणि मी निघालो. सामानात भैरवगढ़ची छापाची चादर आणि पाच किलो लौंगवाली शेव.

हॅनाचं गाव बेथानिया, नितीनच्या घरापासून गाडीने दोन तास. मोरेव्हियन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांनी अठराव्या शतकात वसवलेलं, अजून तसंच जपलेलं. एकच रस्ता, दोन्हीकडे जुनी घरं, मागे शेतं. फिरायला तिकीट नाही. बूट आरामाचे घाला, आणि आल्याची कागदासारखी पातळ बिस्किटं सोडू नका. आईने सगळं निरखलं. "गाव चांगलं आहे, पण रस्त्यावर एक गाय नाही. कुठे बांधल्या बाई?"

रविवारी चर्चमध्ये त्यांचं प्रेमभोजन होतं. बाकांवर बसायचं, गाणी चालू असतानाच गोड पाव आणि दुधाची कॉफी हातात येते. टोपली फिरली, पण कोणी खाईना.

"रुसलेत! रिकाम्या हाताने आलो ना आपण," असं म्हणत आईने पिशवीतून शेव काढली. मी पदर ओढला, पण ऐकेल ती आई कसली! "लीजिए, लीजिए, शरमाइए मत!" रांगेरांगेत मूठमूठ शेव पडली. तरी कोणी खाईना. आईने आग्रहाची दुसरी फेरी सुरू केली. पाद्रीबाबा पुस्तक धरून उभेच, कॉफी गार.

"ताई, बसव तिला! गेलं माझं लग्न!" नितीन घामाघूम झाला होता.

तेवढ्यात हॅना उठली. आईच्या हातातली पिशवी घेतली, तिला बसवलं, पाव दिला आणि नितीनने शिकवलेल्या मराठीत म्हणाली, "आई, तुम्ही बसा. सगळे तुमच्यासाठी थांबलेत."

तिथला रिवाजच तो. शेवटच्या माणसाला मिळेपर्यंत कोणी घास घेत नाही. आणि वाढायच्या नादात उपाशी राहिली होती एकटी आमची आई!

आईने पाव मांडीवर ठेवून हात जोडले. प्रार्थना झाली आणि पूर्ण चर्चमध्ये शेवेचा कुरुमकुरुम आवाज सुरू झाला.

उज्जैनला परतल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "मुलगी कशी आहे हो?"

"तीस वर्षं पंगती वाढतेय," आई म्हणाली, "तू जेवलीस का, असं कोणी विचारलं नाही. तिच्या पूर्ण गावाने कॉफी गार केली माझ्यासाठी. मुलगी आपली!"

तेव्हापासून आमच्या घरी आई पानावर बसल्याशिवाय कोणी घास उचलत नाही. बाबा मात्र गार बाटी मोडताना अजून विचारतात, "त्या लोकांकडे दुसरा एखादा रिवाज नव्हता का आणायला?"