सात आटे

पारूबाई आज शाल-नारळ घेऊन येणार हे कडुबाला कळलं असतं, तर त्यानं तिला जिन्यातच अडवलं असतं. पण त्याला कळलं नाही.

प्रभाग समितीची बैठक अकराला सुरू झाली. कडुबा मागच्या रांगेत बसला होता. गारखेड्यात तो चौदा वर्षं पाण्याचा लाईनमन होता, तोही कंत्राटी. चार ठेकेदार बदलले, कडुबा तोच राहिला. आजचा नववा विषय जुन्या लाईनमनना कायम करण्याच्या शिफारशीचा होता. यादीत सहा नावं होती आणि तिसरं त्याचं होतं. वयाची अट पंचेचाळीसची. येत्या दिवाळीत तो पंचेचाळीस ओलांडणार होता. ही यादी हुकली तर पुढची यादी त्याच्या कामाची नव्हती.

निघताना त्याची बायको संध्या म्हणाली होती, "कुणी विचारलं तरच बोला. अन् बोलताना आवंढा गिळू नका, तुमचं समदं तिथंच दिसतं."

त्याचं काम रस्त्याखालचं. आठव्या दिवशी पाणी यायचं. तो खड्ड्याचं झाकण उचलायचा, लांब दांड्याची चावी व्हॉल्व्हवर बसवायचा आणि आटे मोजत फिरवायचा. मग चप्पल काढून रस्त्यावर उभा राहायचा. पाणी कुठवर पोचलं हे त्याला तळपायाला कळायचं.

उताराखालच्या कॉलनीचा व्हॉल्व्ह अकरा आट्यांचा. पूर्ण उघडला की पाणी उताराला धावायचं आणि टेकाडावरच्या गल्लीत नळ नुसता फुसफुसायचा. त्या गल्लीत बिडकीनकडची माणसं राहत. जमिनी कारखान्यांना गेल्यावर शहरात आलेली. पारूबाई तिथं कंपनीतल्या पोरांचे चाळीस डबे करायची. दोन वर्षांपूर्वी पाण्याच्या लागोपाठ तीन पाळ्या गल्ली कोरडी गेली. पारूबाईची चूल थंड झाली. शेजारच्या दोन बायकांनी पापडाचं काम सोडलं. चौथ्या पाळीला कडुबा व्हॉल्व्ह फिरवता फिरवता सातव्या आट्याला थांबला. त्यानं चावी काढली आणि झाकण लावलं.

तेव्हापासून तो सातालाच थांबत होता.

पारूबाईनं एकदा विचारलं, "कडुबा, आता पानी कसं काय चढायलंय रं?" तो म्हणाला, "तुमच्यासाठी चार आटे मागं ठेवतो, मावशी." कुणाला सांगू नको, हे म्हणायचं मात्र राहून गेलं.

सहावा विषय निघाला, कॉलनीच्या पाण्याचा. कॉलनीच्या नगरसेविका सावनीताई उभ्या राहिल्या. "दोन वर्षं आमच्याकडे दाब नाही. वरच्या मजल्यावरचे आजोबा बादली घेऊन खाली येतात. परवा त्यातले एक जिन्यात पडले. मला कारण हवंय."

"लाईन जुनी आहे, मॅडम," उपअभियंता पाठकसाहेब म्हणाले. "आतून गंजलीय. बदलावी लागेल."

कडुबा फरशीकडे बघत राहिला. आजोबा पडल्याचं त्याला माहीत नव्हतं.

"बरं, नागरिकांपैकी कुणाला बोलायचंय?" सभापती तात्यासाहेबांनी विचारलं.

दारातून पारूबाई आत आली. मागं गल्लीतल्या पाच-सहा जणी. हातात ताट, ताटात शाल आणि नारळ. कडुबा अर्धवट उठला आणि परत बसला.

"आमाला बोलायचंय, साहेब. त्या कडुबाचा सत्कार करायचाय. आज त्याचं नाव पक्कं व्हायचंय म्हनं. म्हनून आलो, दोन शब्द चांगले बोलावं."

सगळे हसले. तात्यासाहेबही हसले. "बोला की, मावशी. सत्कार करायला कोण येतंय हल्ली इथं!"

"देवमानूस हाय. आमच्या गल्लीला पानी नव्हतं. ह्यानं खालच्या कॉलनीचे चार आटे मागं ठेवले, तवा आमच्याकडं पानी चढलं. दोन वर्सं झाली, एक पाळी चुकली नाय."

हसू थांबलं.

सावनीताई हळूच मागं वळल्या. "चार आटे?"

पारूबाई ताट धरून उभी होती. अजून शाबासकीचीच वाट बघत होती.

"मॅडम, या बायकांना काय कळतंय व्हॉल्व्हचं?" पाठकसाहेब घाईनं म्हणाले. "मागे टेकाडाची गळती काढली, त्यानं दाब वाढला असेल. हो ना रे कडुबा?"

सरळ रस्ता दिला होता साहेबांनी. नुसती मान हलवायची. नाव राहिलं असतं. पण मग उद्या साहेब येऊन अकरा आटे उघडून बघणार. बघावंच लागणार त्यांना, आता सगळ्यांसमोर निघालंय म्हटल्यावर. आणि टेकाड पुन्हा कोरडं.

कडुबा उभा राहिला. आवंढा गिळला.

"नाय, साहेब. बाई खरं बोलली. मी सातच आटे खोलतो."

"कुणाच्या परवानगीनं?" सावनीताईंनी विचारलं.

"कुणाच्याच नाय."

"मग अर्ज का नाही केलात? आमच्याकडे आला असतात."

"कंत्राटी मानसानं अर्ज केला तर आधी त्यालाच इचारतेत, ताई, तुला कसं कळलं म्हनून." तो थांबला. "आजोबा पडले ते मला ठावं नव्हतं. ते चुकलं माझं. पण दोघांला पुरल एवढं पानी हाय. दोन्ही एकदम सोडायचं नाय. आधी टेकाड पंचवीस मिनिटं, मग कॉलनी पुरे अकरा आटे. फकस्त पंधरा मिनिटं वाढवून लागतेत. ती मला वाढवता येत नाय. सही लागती."

तात्यासाहेबांनी पाठकसाहेबांकडे पाहिलं. "होतंय का?"

साहेबांनी कागदावर आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. "होईल. टाकीवर पंधरा मिनिटं शिल्लक आहेत."

"सावनीताई?"

"आम्हाला अकरा आटे मिळणार असतील, तर माझी हरकत नाही," त्या म्हणाल्या. "पण दोन वर्षं मनानं व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस आजच्या आज कायम करायचा, याला आहे."

तात्यासाहेब बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-लावत राहिले. मग लिपिकाला म्हणाले, "टेकाडाच्या वेळेचा ठराव लिहा. आणि विषय नऊ, तिसरं नाव चौकशीपर्यंत बाजूला."

कडुबानं हात जोडले आणि तो बाहेर आला. बायका त्याच्या मागोमाग.

"झालं नव्हं पक्कं?" पारूबाईनं विचारलं.

"नाय, मावशी. नाव काढलं."

तिला उमगायला थोडा वेळ लागला. मग तिनं ताट शेजारणीच्या हातात दिलं आणि पदर खोचला. "मी सांगते जाऊन. म्हातारी बावचळली म्हनते, खोटं बोलले म्हनते."

कडुबानं तिचं मनगट धरलं.

"सोड रं!"

"आत ठराव लिव्हायलेत. सही झाली नाय अजून. तू खोटं म्हनलीस, तर त्यो बी जाईल."

तिनं दाराकडे कान दिला. दाराआडून लिपिकाचा वाचण्याचा आवाज येत होता. पंचवीस मिनिटं. अकरा आटे. मग आवाज थांबला. कुणीतरी खुर्ची सरकवली.

"झाली का?" ती कुजबुजली.

"थांब."

थोड्या वेळानं लिपिक बाहेर आला, काखेत फाईल. कडुबानं त्याच्याकडे पाहिलं.

"झाली," लिपिक म्हणाला.

तेव्हा कुठं कडुबानं तिचं मनगट सोडलं.