दोन वेढे

मायाप्पाला पोहता येत नव्हतं. चिंताकीच्या धनगरांना त्यावाचून अडत नाही. मांजरा ओलांडताना म्होरक्या मेंढ्याचं दावं मनगटाला दोन वेढे घालून घ्यायचं आणि पाण्यात उतरायचं. मेंढा पोहतो, माणूस त्याच्यासंगं जातो, मागून कळप येतो. बापानं, रेवणसिद्धप्पानं, हे त्याला आठव्या वर्षी शिकवलं. "दावं सुटलं की कळप गेला," एवढंच म्हणाला आणि पोराला पाण्यात उतरवलं.

पुढं चराईची रानं कुंपणात गेली. साथीत मेंढरं मेली, नऊ उरली. नऊ मेंढरांमागं दोन माणसं लागत नाहीत. शेजारचा सिद्धराम मायाप्पाएवढाच. तो म्हणाला, "कारवारला चल. पाऊस सरला की रापण लागतीया तिथं. जाळं वढायला माणसं पाहिजेत."

मायाप्पानं तोवर समुद्र पाहिला नव्हता. पहिल्या सकाळी त्यानं ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकला.

"आयला, एवढं मीठ फुकट! आपली मेंढरं आणली असती तर चाटून चाटून तळ दाखवला असता."

रापणीचं काम दिसायला सोपं. होडी जाळं अर्धगोल टाकत जाते, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात. एकेका दोराला चौदा-पंधरा माणसं. सगळ्यात पुढचा छातीभर पाण्यात, शेवटचा कोरड्या वाळूत. त्यांच्या प्रमुखाला सगळे तांडेल म्हणत. त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं, "दोर मुठीत धरायचा. हाताला गुंडाळायचा नाही. मी सोडा म्हटलं की सोडायचा."

मायाप्पाची सुरुवात कोरड्या वाळूतून झाली. त्याला मात्र पुढची जागा हवी होती. ऑक्टोबरचं ऊन, पाणी कोमट, बांगडा किनाऱ्याला लागलेला. तो मुकाट ओढत राहिला. तीन आठवड्यांत तांडेलनं त्याला पुढं घेतलं. त्या संध्याकाळी त्यानं घरी फोन लावला.

"अप्पा, म्या आता म्होरं हाय."

"म्होरं हायस तर नीट धर," बाप म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सिद्धराम त्याच्या पाठीशी होता. त्याला मायाप्पाच्या मनगटावर दोराचे दोन वेढे दिसले.

"काय करायलास? तांडेल बघंल की."

"मुठीतनं निसटतंय रं. म्होरच्यानंच सोडलं तर मागच्यांनी काय करायचं?"

"आरं, ह्यो मेंढा न्हाई."

"मग बरंच हाय. शिंगं तरी मारत न्हाई."

सिद्धराम हसला. पुन्हा तो विषय त्यानं काढला नाही.

दिवाळीला आठ दिवस होते. जाळं भरून आलं होतं. मध्येच वारा फिरला. पाण्याला ओढ लागली आणि जाळं खडकांकडं तिरकं जाऊ लागलं. तांडेल ओरडला, "सोडा!"

सगळ्यांनी सोडलं. सिद्धरामनंही. दोर त्याच्या तळहाताची कातडी घेऊन गेला.

मायाप्पानं सोडलं नाही. वेढे काढायचे सोडून त्यानं दुसरा हातही दोराला लावला. टाचा रोवल्या, मागं वळून पाहिलं. दोरावर कुणी नव्हतं.

"धरा की रं!" तो म्हणाला.

मग तो गेला. दुपारी पाणी निवळलं तेव्हा जाळ्यातच सापडला, बांगड्यांबरोबर.

मायाप्पाला घेऊन सिद्धराम दुसऱ्या दिवशी गाडीनं चिंताकीला पोहोचला. बाया रडत होत्या. रेवणसिद्धप्पा रडला नाही. त्यानं चादर बाजूला केली, पोराचा डावा हात उचलून मांडीवर घेतला. मनगटावर दोन काळ्यानिळ्या रेघा होत्या. त्यावरून तो अंगठा फिरवत राहिला.

"मागं कोण हुतं?"

"मी, अप्पा."

"तू सोडला?"

"व्हय."

"कुणी सांगितलं सोडायला?"

"तांडेलनं. पयल्या दिशीच सांगितलं हुतं."

"मायाप्पाला न्हाई सांगितलं?"

सिद्धरामला खोटं बोलता आलं असतं. वाटभर त्यानं तेच ठरवलं होतं. पण म्हातारा त्याच्या फाटलेल्या तळहाताकडं बघत होता.

"त्यालाबी सांगितलं हुतं, अप्पा."

बाहेर नऊ मेंढरं बांधून होती. आज ती कुणी सोडली नव्हती. रेवणसिद्धप्पानं पोराचा हात परत चादरीखाली ठेवला.

"म्या आधी सांगितलं हुतं," तो म्हणाला.