ट्रम्पेटवाल्या ऑस्टिनची सोयरीक

श्रीलंकेतल्या आमच्या मोरातुव्यात सुतार खंडीभर आहेत, पण अर्धा पलंग तसाच टाकून क्रिकेटला पळणारा एकच: ऑस्टिन सालगादो. हंगाम सुरू झाला की त्याचा ट्रम्पेट, माझा ढोल आणि आणखी काही रिकामटेकडे, असा आमचा पापरे बँड मैदानावर हजर. कसोटीला तर सगळेच येतात. आम्ही क्लबांच्या सामन्यांनाही जायचो, जिथे माणसांपेक्षा कावळे जास्त. "कावळ्यांनाही कान असतात," ऑस्टिन म्हणायचा.

पाहुण्या संघाचा गडी बाद झाला की त्याच्या पावलांच्या तालावर वाजवत त्याला तंबूत पोचवायचं, ही आमची रीत. तो रेंगाळला की सूर रेंगाळतो, पळाला की सूरही पळतो. आपल्या गड्याला मात्र कधी पोचवायचं नाही. त्या वर्षी गॉलच्या क्लबचा सलामीवीर रोशन शून्यावर गेला आणि ऑस्टिनने त्याला असा पोचवला, की बिचारा चालायचंच विसरला. डबा घेऊन आलेली ऑस्टिनची मुलगी शिरोमी पोट धरून हसली. रोशनने वळून पाहिलं. पुढचं सांगायला नको. अर्धा हंगाम सरेपर्यंत दोघं लग्न करायला निघाली.

अडले ते रोशनचे वडील, अबेविक्रमा मास्तर. ऑस्टिनच्या दारातूनच ओरडले, "चारचौघांत माझ्या पोराची वरात काढलीत! ते भोंगाडं वाजतं त्या घरात मी चहासुद्धा घेणार नाही."

तेवढ्यात रोशनची देशाच्या संघात निवड झाली. पहिली कसोटी गॉललाच. मास्तरांनी निरोप धाडला: कसोटीला माझ्या शेजारी बसा. एक सूर जरी निघाला, तरी सोयरीक मोडली.

"तात्ता, गप्प बसवेल तुम्हाला?" शिरोमीने विचारलं.

"तुझ्यासाठी बसेन गं. पण ट्रम्पेट मांडीवर असू दे. घरी ठेवला तर रुसेल."

ऑस्टिन खरंच गप्प बसला, आणि त्याच्यासाठी आम्हीही. समोर आमचे गडी चौकार मारत होते आणि हा नुसते गाल फुगवून हवा गिळत होता. मला हसूही येत होतं आणि त्याची दयाही.

मग रोशन खेळायला आला. दुसऱ्याच चेंडूवर दांडी गुल.

सगळं मैदान चिडीचूप झालं. खाली मान घालून तो निघाला, आणि ती वाट काही केल्या संपेना. मास्तरांनी छत्रीची मूठ घट्ट धरली होती.

"सालगादो," ते म्हणाले, "पोरगं एकटं येतंय हो."

ऑस्टिन मांडीकडे बघत राहिला.

"बहिरे झालात का? वाजवा की! घेऊन या त्याला!"

ऑस्टिनने ट्रम्पेट उचलला. पहिला सूर चक्क फाटला. मी ढोलावर थाप टाकली. रोशनने मान वर करून आमच्याकडे पाहिलं, तेव्हा मास्तर उभे राहून टाळ्या वाजवत होते, ताल पार चुकवून, आणि ऑस्टिन त्यांच्या चुकीच्या तालावर वाजवत होता.