मास्तरांपुढं खोटं बोलताना

आमच्या मास्तरांपुढं कुणी खोटं बोललं तर ते रागवायचे नाहीत. त्या खोट्याचं इंग्रजी नाव सांगायचे. भिगवणच्या बाजारात परवाचा मासा आजचा म्हणून पुढं आला की म्हणायचे, "ब्लफ." भीमेच्या पुरातून मी बैल पाठीवर घेऊन पोहलो, हे सांगितलं तेव्हा शांतपणे म्हणाले, "एक्झॅजरेशन, आबा." मला तो किताब वाटला. चार दिवस गावभर सांगत हिंडलो.

इंग्रजी शिकवून रिटायर झालेला हा माणूस नव्वद सालाच्या सुमाराला आमच्या शेजारी राहायला आला. एकदा म्हणाले, दुसऱ्याचं मन राखायला बोलतात ते व्हाइट लाय, पांढरं खोटं. मी विचारलं, "मग काळं कुठलं?"

"स्वतःचा तोरा राखायला बोललेलं."

मी पाऊसपाण्याचा विषय काढला. कारण शाळेत मी दोनच पावसाळे काढलेले, तेही गळक्या कोपऱ्यात, आणि सांगत होतो सातवी पास. रोज पारावर पेपर उघडून बसायचो. फोटोतली डोकी वर आहेत ना, एवढं बघून घ्यायचो.

मग इंदापुरात पुतणीची सुपारी फुटली. देण्याघेण्याची यादी लिहून झाली, आणि शिकलेला वडीलधारा म्हणून कागद माझ्या हातात आला. "आबा, मोठ्यानं वाचा." मी कागद जवळ-लांब धरून बघितला. तेवढ्यात सोबत आलेले मास्तर उठले. म्हणाले, "आबांचा चष्मा सकाळी माझ्या पायाखाली आला. मी वाचतो."

चष्मा माझ्या खिशात होता.

येताना एसटीत मी विचारलं, "मास्तर, ह्याला काय म्हणायचं?"

"पांढरं. पण एकदाच. उद्या पाटी घेऊन या."

साठीत नातीची पाटी धोतराखाली लपवून गेलो. दाराला कडी लावायची अट माझी. बायकोला सांगितलं, सोंगट्या खेळतो. ती म्हणाली, "मग बोटाला खडू कसा?" वर्षभरात जोडाक्षरं सोडून सगळं वाचायला लागलो.

पुढं मास्तरांचीच नजर गेली. मुंबईच्या मुलाची पत्रं मी वाचून दाखवायचो. ते गेले त्याच्या आधीच्या दिवाळीत दोन ओळींचं पत्र आलं: कामात आहे, यंदा येणं होणार नाही. मी खाली पदरच्या चार ओळी घातल्या. "अण्णा, तुमची लई सय येते. जिवाला जपा."

मी इंग्रजी नावाची वाट बघत होतो.

"आबा, माझा मुलगा 'लई' म्हणत नाही."

मी मान खाली घातली. त्यांनी नाव सांगितलंच नाही. म्हणाले, "पुन्हा एकदा वाचा."

मी वाचलं. ह्या खेपेला पदरच्या सहा ओळी झाल्या.