राक्षसाचं तोंड उघडंच राहिलं

नवीन पनवेलमध्ये बालवाडीच्या बाई म्हणून निवृत्त झालेल्या माणसाचे हाल कुणी विचारत नाही. मुख्याध्यापकाला निवृत्तीनंतर सोसायटीचा अध्यक्ष होता येतं. बालवाडीच्या बाईंनी काय व्हावं? आमच्या शोभाताई कर्णिकांनी आयुष्यभर रोज गोष्ट सांगितली आणि निवृत्त झाल्या त्या दिवसापासून ऐकायला फक्त भरतराव उरले. ते त्यांचे यजमान. ते राक्षस यायच्या आतच घोरायला लागतात.

म्हणून नेदरलँड्समधल्या मराठी मंडळाच्या रोहिणीने "काकू, आमच्या मुलांना दर शनिवारी ऑनलाइन गोष्ट सांगाल का?" असं विचारलं, तेव्हा शोभाताईंनी आधी घरात फायबर घेतलं आणि मग भरतरावांना सांगितलं. इंटरनेटच्या त्या पांढऱ्या डबीला हळदकुंकू लागलं. धूळ बसू नये म्हणून वर क्रोशाचा रुमालही आला.

चाचणीच्या दिवशी शोभाताई नवी साडी नेसून टॅबसमोर बसल्या. गोष्ट रंगली. राक्षसाने तोंड उघडलं. आणि ते उघडंच राहिलं.

"काकू? काकू, तुम्ही अडकलात!" टॅबमधून रोहिणीचा तुटक आवाज आला. चित्र पुन्हा हललं तेव्हा राजकन्येचं लग्नसुद्धा लागून गेलं होतं. रोहिणी गोड बोलणारी. म्हणाली, "शनिवारी मुलांसमोर एकदा बघू या. नाहीच जमलं तर ठाण्याच्या एक बाई आहेत. त्यांचं नेट छान आहे."

ठाण्याच्या! हा घाव पनवेलकरांनाच कळेल.

भरतरावांनी सूत्रं हाती घेतली. तळोज्याच्या कारखान्यात त्यांनी हयातभर पाइपलाइनी सांभाळल्या, त्यामुळे जगातला प्रत्येक प्रश्न त्यांच्या लेखी प्रेशरचा. "वायरला बाक आहे, तिथे तुंबतंय," असं म्हणून त्यांनी वायर सोडवून पडद्याच्या दांडीवरून नेली. डबी शोकेसमधून फ्रिजवर गेली, फ्रिजवरून माळ्यावर गेली. वेग काही माळ्यावर चढला नाही.

"रुमाल काढ तो. गुदमरतंय ते."

"तुम्हीच स्वेटर घालून घोरता, तुम्ही गुदमरता का?"

शेवटी कंपनीचा केतन आला. खारघरहून बाइकवर आलेला, कानात बाळी घातलेला, उत्साही पोरगा. त्याने लॅपटॉपला वायर जोडली आणि आकडे दाखवले. "लाइन एकदम क्लीन आहे, काका. पूर्ण स्पीड येतोय."

"मग हवेत जातो कुठे?"

"रीस्टार्ट करून बघू," केतन म्हणाला. हा त्याचा एकमेव उपाय होता. त्याने डबी बंद केली.

ती बंद झाली मात्र, जिन्यात चपला वाजल्या. खालच्या मजल्यावरच्या शकू वहिनी धापा टाकत दारात. "शोभाताई, गेलं का हो? ऐन भांडणात मालिकेतली सून बोलायची थांबलीय!"

त्यांच्या मागून घरूनच काम करणारा देवेश. वर टाय, खाली बर्म्युडा. "काकू, मीटिंग चालू होती माझी. बंद करताना सांगायचं तरी!"

शेजारच्या विंगेच्या गॅलरीतून दिपा ओरडली, "आमच्याकडे रेंजची एकच दांडी यायची, तीपण गेली!" आणि फाटकावरून वॉचमन बाळूची हाक आली, "काकू, नेट बंद हाय काय? म्याच चाललीय!"

भरतरावांनी कमरेवर हात ठेवले. "शोभा, पासवर्ड कुणाकुणाला दिलास?"

"मागितला त्यांना."

"आणि?"

"मागायला लाजत होते, त्यांना आपणहून."

"अगं पण..."

"पण काय? जन्मभर शेजारी विरजण दिलं. आपलं दही कधी कमी झालं?"

केतनला हसू आवरेना. "काकू, हे विरजण नाही. तुम्ही पातेलंच जिन्यात ठेवलंय. सगळे डाव घेऊन बसलेत."

पासवर्ड बदलायचा ठरला. प्रश्न एवढाच की कुणी मागितला तर शोभाताई नाही म्हणणार कशा? भरतरावांनी तोडगा काढला: नवा पासवर्ड त्यांना सांगायचाच नाही. केतनने टॅबमध्ये तो परस्पर घातला. शोभाताई स्वतःच्याच घरात परक्या झाल्या.

"खरंच माहीत नाही गं मला," त्या शकू वहिनींना सांगत होत्या.

"असू दे, असू दे. कळलं," म्हणून वहिनी वळल्या. जिन्यातलं ते "कळलं" शोभाताईंना शनिवारपर्यंत टोचत राहिलं. दुपारी टॅब लावला, चित्र आरशासारखं स्वच्छ, समोर परदेशातली मुलं ओळीने बसलेली. आणि शोभाताईंना राजाचं नावच आठवेना.

"आलेच हं," म्हणून त्या उठल्या, दार उघडलं आणि जिन्यात तोंड घालून ओरडल्या, "वहिनी! नेट नाही देत, पण गोष्ट ऐकायला या! पोरांनाही आणा!"

कार्टून बंद पडलेली इमारतभरची पोरं आधीच कंटाळून जिन्यात लोळत होती. ती खोलीत घुसली आणि टॅबच्या मागे फरशीवर मांडी घालून बसली. शकू वहिनी गाल फुगवूनच आल्या, पण आल्या.

राक्षसाने तोंड उघडलं. इकडची पोरं किंचाळली. ते ऐकून तिकडचीही किंचाळली. मग राक्षसाने तोंड मिटलं, वेळेवर मिटलं, आणि गोष्ट राजकन्येच्या विहिरीपाशी येऊन थांबली.

"काकू, मागे कोण ओरडतंय?" रोहिणीने विचारलं.

"आमची इमारत. पुढच्या वेळी दार लावून घेते."

"छे! आणाच त्यांना. आमच्या मुलांना मराठीत ओरडता येतं, हे मला आज कळलं. पुढच्या शनिवारी याच वेळी, हं!"

ठाण्याचा विषय निघाला नाही. टॅब बंद झाला. पोरं हलेनात. शकू वहिनीही हलेनात.

"विहिरीत काय होतं?" त्यांनी विचारलं.

"ते पुढच्या शनिवारी."

"असं कसं? ते तिकडचे थांबतील. आम्ही इथले आहोत ना!"

शोभाताईंनी भरतरावांकडे पाहिलं. मग पदर खोचला, पुन्हा खुर्चीत बसल्या आणि राजकन्येला विहिरीत उतरवलं.