रियाचं घावन

गणेशपुरीच्या पुढच्या पाड्यावरची तानी भिवंडीच्या कॉलेजात ऑनर्सला होती. ऑनर्सच्या मुलांसाठी शनिवारी लेक्चर संपल्यावर वेगळा वर्ग भरे. वर्ग कसला, बाक गोलात ओढून गप्पाच. कधी कुणी वाचलेलं सांगे, कधी सगळी वस्तीत जाऊन लहान मुलांना शिकवत. तानीही त्या गोलात बसे, पण बोलायची पाळी आली की वहीत डोकं खुपसे. एस.टी.ची वेळ झाली की ती हळूच उठे. ती गेल्याचं कुणाला कळतही नसे.

कळे ते फक्त रियाला. रिया भिवंडीजवळच्या कोन गावची, तोंडाने फटकळ. बाकावर दप्तर ठेवून ती तानीची जागा धरी. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांच्या मुलाखती जोडीने घ्यायच्या होत्या. "आपली जोडी," असं रियानेच ठरवून टाकलं होतं. तानीला तेवढाच आधार होता.

दिवाळीनंतरच्या शनिवारी हा वर्ग घेणाऱ्या भाग्यश्री मॅडमनी सगळ्यांना घरून डबा आणायला सांगितलं. एकमेकांच्या घरचं खायचं, म्हणजे ओळख वाढेल. रियाने घावनं आणली होती.

"शेतातला नवा तांदूळ हाय. आईनं सकाळी उठून केली. पहिलं तानीला!"

तानीने हात पुढे केला आणि तसाच थांबवला. घरी अजून नवं झालं नव्हतं. घरच्या कर्त्याने नवा भात देवापुढे ठेवल्याशिवाय घरातल्या कुणी नवा दाणा तोंडात घालायचा नाही, ही पाड्याची रीत. आणि तिचा बाप वाघ्या राहनाळच्या गोदामात अडकला होता. लग्नसराईचा माल उतरत होता, सुट्टी मिळत नव्हती.

"मला नको. भूक न्हाय."

"अगं, एक तुकडा."

"नको."

"रिया, तुझ्या घरचं चालत नाही वाटतं हिला," वर्गातला ओमकार हसत म्हणाला.

आणखी दोघंतिघं हसली. रियाने डबा मागे घेतला. "राहू दे. आमचं गावठी खाणं."

कारण तानीच्या अगदी ओठांवर होतं. पण आदल्याच शनिवारी इथे अंधश्रद्धेवर चर्चा झाली होती आणि सगळ्यांबरोबर तिनेही टाळ्या वाजवल्या होत्या. ती मान खाली घालून आपल्या डब्यातली नाचणीची भाकरी मोडत राहिली. ती भाकरीही कुणी मागितली नाही.

घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. ठमाबाई चूल फुंकता फुंकता थांबली.

"मंग बांधून आणायचं व्हतं ना, येडे! देवापुढं ठेवलं असतं, मंग खाल्लं असतं. कुणाच्या घरचं अन्न कुणी असं परत धाडतं का?"

तानी उंबऱ्यावर बसून राहिली. इतकं सोपं होतं, आणि तिला सुचलंच नव्हतं.

वाघ्याला आठवड्याच्या मध्ये एक दिवस सुट्टी मिळाली. घरात नवं झालं. शनिवारी तानी नव्या भाताचा डबा घेऊन वर्गात शिरली. रियाच्या शेजारी वर्गातली सोनल बसली होती. बाकावर दप्तर नव्हतं.

"आता चालतं मला," तानी म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळं एका दमात बोलून गेली: देव, बाप, गोदाम. "म्हणून खाल्लं न्हाय गं."

रिया तिच्याकडे वळली. "मग तेव्हा तोंड शिवलं व्हतं का तुझं? मी घरी जाऊन रडले."

तिने डबा ओढून घेतला आणि उभ्याउभ्याच खाऊ लागली. एक घास सोनललाही दिला. मग बोटं चाटत म्हणाली, "जोडीत सोनलचं नाव दिलंय मी. मॅडमनी पक्कं केलं."

"बरं," तानी म्हणाली.

"तुझं कोणाबरोबर?"

"माहीत न्हाय."

एस.टी.ची वेळ झाली, तशी ती उठली. या वेळी रियाने दारापर्यंत येऊन धुतलेला डबा तिच्या हातात दिला, पण पुढच्या शनिवारचं काही बोलली नाही. गाडीत तानीला खिडकी मिळाली. शेजारची जागा रिकामी होती. तिने डबा तिथे ठेवला, आणि कुणी बसायला आलं तेव्हा उचलून मांडीवर घेतला.