दहापैकी दोन, पाचपैकी एक

आमच्या शेजारच्या दारी राहणारा स्वप्नील हा पर्वतारोहणाचा समीक्षक आहे. भिसेगावातली आमची इमारत तीन मजली, लिफ्ट नाही आणि आम्ही दोघं शेजारी वरच्या मजल्यावर. त्यामुळे तो घराबाहेर फारसा पडत नाही. वय एकोणतीस. रसायनीकडे एका कारखान्यात नोकरी होती, ती त्याने स्वतःच सोडली, असं तो सांगतो. आता तो कॉम्प्युटरवरचे खेळ खेळतो, त्यांना दहापैकी गुण देतो आणि त्याचे व्हिडिओ टाकतो. त्याची आई वनिता हिने जिन्यात माझ्या हातातला फोन घेऊन मला त्याच्या चॅनेलची सभासद केलं. तेव्हापासून मी एकही व्हिडिओ चुकवलेला नाही. चुकवणं शक्यही नाही, सगळं भिंतीतून ऐकू येतं.

डिसेंबरात बर्फाच्या डोंगराचा एक खेळ आला. चार गिर्यारोहक आपल्या हाती असतात. तंबू कुठे ठोकायचा, कुणाला किती खाऊ घालायचं, कुणाला पुढे पाठवायचं, हे आपण ठरवायचं. वारा फिरला किंवा माणूस थकला आणि आपण तरी त्याला रेटलं, की तो मरतो. मेला की मेला. बाहेरच्या जाणकारांनी खेळाचं कौतुक केलं होतं. चढावं कसं यापेक्षा थांबावं कधी, हे हा खेळ शिकवतो, असं एकाने लिहिलं होतं. खेळणाऱ्यांत मात्र दोन तट पडले. निम्मे म्हणत, अकरा वेळा मेलो, उद्या बारावी खेळी. निम्मे म्हणत, हा डोंगर लबाड आहे.

स्वप्नीलने दिले दहापैकी दोन. "मित्रांनो, हवामानावर खेळाडूचा कंट्रोलच नाही!" भिंतीपलीकडून आवाज आला. "आणि टीममेट ऐकत नाहीत. जरा वर नेलं की खाली जाऊ का विचारतात. अरे, मी लीडर आहे ना?"

त्याचे सगळे गिर्यारोहक दुसऱ्या तळावरच संपत होते. वनिता मला म्हणाली, "काल रात्रीपासून सोळा जणं गेली गं. जेवलासुद्धा नाही नीट."

व्हिडिओखाली लोकांनी जे लिहिलं ते मात्र त्याला फार लागलं. 'दादा, डोंगर राहू दे, कधी जिना चढलायस का?' या एकाच प्रश्नाला तीनशे जणांनी अंगठे दिले होते.

म्हणून तो फेब्रुवारीत मुंबईच्या ट्रेकिंगवाल्यांबरोबर खरोखरच पेठच्या किल्ल्यावर गेला. परतल्यावर लगेच व्हिडिओ. मागे निळं आकाश, डोळ्यांवर गॉगल. "मी स्वतः पेठचा माथा गाठून आलोय. आता मला विचारायचा अधिकार आहे, या खेळाला दोन गुण जास्त झाले का?" वनिताने मजल्यावर पेढे वाटले. मीही खाल्ला. माझी तक्रार नाही, पेढा चांगला होता.

मार्चमध्ये नवनाथ मध घेऊन आला. हा पेठच्या डोंगराखालच्या ठाकरवाडीतला. शनिवार-रविवारी ट्रेकवाल्यांना वाट दाखवतो, एरवी मजुरी आणि रानातला मध. दहा वर्षं तो माझ्याकडे येतो, आणि बाटली ठेवून दोन मिनिटं उंबऱ्याशी टेकल्याशिवाय जात नाही. त्या दिवशी पाच मिनिटं झाली तरी उठेना.

"काय रे, बरं नाही का?"

"बरा हाय ताई. शनवारी ते मुंबईवालं पुढच्या सालची वाटाड्यांची यादी करतात. फोनवर चार चांदण्यांच्या खाली गेला त्याचं नाव काढतात. माझ्या तीन पूर्णांक नऊ झाल्या. एका सायबानं एकच दिली."

"का?"

"वर नेला नाय म्हणून. कसा नेणार? कड्याला आग्या मोहोळ. आमी खाली झाडीत हुतो, तर त्या सायबानं फोटूसाठी अंगावर वासाचा फवारा मारला, फुस्स करून. वर पोळ्यावर लाटा जायला लागल्या ताई, माश्या हलल्या का तशा लाटा दिसतात. मी नऊच्या नऊ माणसं फिरवली."

मग त्याने दुसरी गोष्ट सांगितली, पहिलीपेक्षा हळू आवाजात. त्याच्या बापाची एक रीत आहे. चढायला लागण्याआधी प्रत्येकाच्या हातात एक चिंचोका द्यायचा, तो त्याने वाघदेवाच्या चौथऱ्यावर ठेवायचा. उतरलं की आपला चिंचोका उचलून परत द्यायचा. चौथऱ्यावर एक जरी राहिला तरी वर माणूस आहे. त्या दिवशी आठ आले. नववा राहिला.

"मी परत चढलो. मोहोळाच्या खालनं, तोंडाला फडका बांधून. दिवस मावळंपर्यंत हाका मारल्या. मग टेंपोवाल्याचा फोन लागला. म्हणला, नऊ जण कवाच गेली. तो सायब चिंचोका न उचलताच गाडीत बसला हुता."

मी त्याच्या फोनवर ती चांदणी उघडली. 'गाइडने माश्यांना घाबरून अर्ध्यातून परत आणलं. माथा दिसलासुद्धा नाही. पैसे वाया.' शेजारी फोटो. निळं आकाश, गॉगल.

मी कढईखालचा गॅस बंद केला. "चल, वनितालाही मध दाखवू."

स्वप्नीलने दार उघडलं आणि नवनाथकडे पाहून विचारलं, "हे कोण, काकू?"

नवनाथने मान खाली घातली. त्याने ओळखलं होतं, मला त्याच्या मानेवरून कळलं. "डोंगरातला माणूस आहे," मी म्हटलं, "तुझा तो बर्फाचा खेळ खेळेल का, बघ."

स्वप्नीलचे डोळे चमकले. "रिअल आदिवासी रिअ‍ॅक्ट्स! काकू, तुम्ही जीनियस आहात." त्याने माइक पुढे ओढला. वनिता चहा टाकायला आत गेली.

नवनाथ खुर्चीच्या कडेवर बसला. खिशातून चार चिंचोके काढून त्याने टेबलावर मांडले. मग किती तरी वेळ नुसता पडद्याकडे पाहत राहिला.

"बटण दाबा ना," स्वप्नील म्हणाला.

"वारा कुठनं हाय ते बघू द्या."

त्याने एक तंबू ठोकला, चौघांना खाऊ घातलं, झोपवलं. दोघांना थोडं वर पाठवलं. तेवढ्यात शिखराच्या बाजूने ढग सरकले. नवनाथने चौघांना वळवलं आणि खाली आणलं. एक खाली आला की एक चिंचोका उचलायचा. चौथा उचलला आणि पडद्यावर तांबडी अक्षरं आली.

"मोहीम अयशस्वी!" स्वप्नील टाळी वाजवून हसला. "फेल झालात!"

"चौघं खाली हायत ना?"

"हो, पण शिखर?"

"शिकर काय, ते हितंच हाय. कुटं जातंय?" नवनाथने चिंचोके खिशात टाकले. "तुमची किती आली खाली?"

स्वप्नीलने माइक बंद केला.

आतून चहाच्या कपांचा आवाज येत होता. तेवढ्यात मला जे विचारायचं होतं ते मी विचारून घेतलं. "स्वप्नील, एक शंका आहे रे. व्हिडिओत तू माथा गाठलायस. आणि हे बघ, याच्या फोनवर तुझ्याच नावाने लिहिलंय, माथा दिसलासुद्धा नाही. तुझे ते तीनशे अंगठेवाले हे शोधायला किती दिवस घेतील?"

मी धमकी दिली नाही. मी शंका विचारली. पण पोराच्या चेहऱ्यावर दुसरा तळ दिसायला लागला.

तेव्हा कुठे त्याने नवनाथकडे नीट पाहिलं. "तुम्ही... ते माश्यांवाले?"

"व्हय सायेब."

"काकू, आईला..."

"आईला काय सांगायचं? पेढा खाल्लाय मी."

तो फोनवर झरझर टाइप करू लागला. "काढलं. आता पाच स्टार देतो. 'उत्तम गाइड, थेट माथ्यापर्यंत नेलं.' खूश?"

"नगा लिवू," नवनाथ म्हणाला.

"अहो, पाच देतोय!"

"नेलं नव्हतं ना. मोहोळ हललं तरी हा वर नेतो असं लोकं वाचतील, मग तसलीच येतील. ती एक काढली, लई झालं."

चांदणी गेली. तीन पूर्णांक नऊचे चार पूर्णांक एक झाले. नवनाथने आकडा दोनदा वाचून घेतला आणि फोन खिशात ठेवला. उठताना दुसऱ्या खिशातून एक चिंचोका काढून त्याने माइकशेजारी ठेवला.

"ह्यो तुमचा राहिला हुता चौथऱ्यावर. आता उतरलात."

वनिता चहा घेऊन आली तोवर तो जिना उतरून गेला होता. "हे गं काय, न पिताच गेला? आणि तुझं तोंड असं का झालंय रे?"

"हवामान," मी म्हटलं.

शनिवारी यादी लागली. नवनाथचं नाव तिसरं होतं.

स्वप्नीलने खेळाचा नवा व्हिडिओ टाकला. 'स्थानिक तज्ज्ञांशी सखोल चर्चेनंतर' गुण दोनचे सहा झाले. खाली कुणी तरी विचारलं, 'दादा, माइकजवळ तो चिंचोका कसला?'

त्याने लगेच उत्तर दिलं, 'पेठच्या माथ्यावरून आणलेली आठवण.'